ब्रेक माझ्याकडेपण आहे

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत डाव्या सीटसमोरही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. स्टेअरिंग मात्र एकच, आणि ते शिकणाऱ्याच्या हातात. म्हणजे गाडी कुठे जाणार हे शिकवणाऱ्याच्या ताब्यात नसतं, ती कुठे थांबणार एवढंच असतं. कर्जतमध्ये बायकांना गाडी शिकवताना माझी इतकी वर्षं या डाव्या सीटवर गेली. नवी बाई पहिल्यांदा स्टेअरिंग धरते तेव्हा तिचे तळवे घामेजलेले असतात. मी तिला सांगते, "घाबरू नका, ब्रेक माझ्याकडेपण आहे." मग ती घाबरतच गाडी सुरू करते आणि गाडी लगेच बंद पडते. हे सगळ्यांचंच होतं.

बंद पडण्याचं कारण क्लच. क्लच दाबलेला असतो तोवर इंजिन आणि चाकं एकमेकांशी बोलत नाहीत. एकदम सोडला तर दोघं कडाडून भांडतात आणि गाडी मान टाकते. तो हळूहळू सोडायचा, पायाखाली बारीकशी थरथर आली की तिथेच धरायचा. याला हाफ क्लच म्हणतात. तो कुणाला पहिल्या दिवशी जमतो, कुणाला महिनाभर जमत नाही. पुरुष शिकवणारे या महिन्यात ओरडतात. बायका घरी जाऊन रडतात आणि परत येत नाहीत. मी ओरडत नाही, म्हणून कर्जतच्या दहिवली भागात माझा धंदा चालला.

आता दुसरी बाजू. गाडीत मी जितकी शहाणी, तितकी गाडीच्या बाहेर बेभरवशाची. चहाचा कप टपावर ठेवून मी अख्ख्या बाजारातून गाडी फिरवली आहे. लोक हात करत होते, मला वाटलं ओळखीचे आहेत. ऑफिसात सहा डायऱ्या होत्या, प्रत्येकीत जानेवारीचा पहिला आठवडा सुवाच्य अक्षरात आणि पुढे कोरं. "दहा मिनिटांत आले" म्हणून मी निघायचे, वाटेत काहीतरी दिसायचं, आणि समोरची बाई नाक्यावर तासभर उभी. लोकांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी त्याचं उत्तर द्यायचे, तेही बहुतेक वेळा दुसऱ्याच प्रश्नाचं. शाळेत मला धांदरट म्हणायचे, सासरी वेंधळी. माझ्या आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की मी तिचं ऐकत नाही. मी ऐकत होते. ते माझ्याजवळ टिकत नव्हतं.

याला नाव आहे हे मला एका शिकाऊ बाईनं सांगितलं. ती स्वतः डॉक्टर, मनोविकारांची. हाफ क्लच तिला काही केल्या जमत नव्हता. चौथ्यांदा गाडी बंद पडल्यावर मला वाटलं आता ही रडणार, तर ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मॅडम, तुम्ही लहानपणापासून अशाच आहात का?"

"अशा म्हणजे?"

"आत्ता पाच मिनिटांत तुम्ही मला गिअर, तुमच्या नणंदेचं ऑपरेशन, समोरच्या गाईचा मूड आणि पुन्हा गिअर सांगितलात. गंमत म्हणजे गिअर बरोबर सांगितलात."

तिनं पनवेलला तिच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी दोन-तीन वेळा बोलावलं, बारीकसारीक प्रश्न विचारले, आमच्या ह्यांनाही विचारले. आमचे हे निवृत्त शिक्षक, स्वभावानं अगदी शांत. इतक्या वर्षांचं साठलेलं ते इतक्या उत्साहानं सांगायला लागले की डॉक्टरांना त्यांना थांबवावं लागलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, एडीएचडी आहे. लक्ष नसतं असं नाही, ते कुठे ठेवायचं हे हातात राहत नाही. आळस नाही, बेपर्वाई नाही, मेंदूची ठेवणच तशी. जन्मात पहिल्यांदा कुठल्यातरी परीक्षेत मला पैकीच्या पैकी पडले होते. बाहेर येऊन मी हसले आणि मग गाडीत बसून बराच वेळ रडले.

पण घरी येताना भीती वाटली. आमचं गाव एवढंसं. ड्रायव्हिंग स्कूलच्या मॅडमला लक्षाचा आजार आहे हे कळल्यावर कोण आपली सून, आपली लेक माझ्या गाडीत बसवेल? मी ह्यांना शपथ घातली की कुणाला कळता कामा नये, आणि ठरवलं की आता व्यवस्थित बाई व्हायचं. डॉक्टरांची गोळी सुरू केली, तिचा उपयोगही होत होता. पण मला एका आठवड्यात बँकेतली अधिकारी व्हायचं होतं. कडक इस्त्रीची साडी नेसायला लागले. बोलायचं कमी केलं, "हं" आणि "बरोबर" एवढंच. चौथ्या दिवशी एका मुलीनं हळूच विचारलं, "मॅडम, घरात कुणी गेलं का?"

शिवाय ऑफिसात मोठा पांढरा फळा लावला. वार, वेळा, रंगीत मार्कर. त्याच्या रेघा मारण्यात मी इतकी रंगले की त्या दिवशीच्या सगळ्या शिकाऊ बायका दारात ताटकळत उभ्या होत्या आणि मी आतून ओरडत होते, "थांबा, वेळापत्रक करतेय!"

याच सुमाराला हौसाबाई आल्या. साठीच्या, कशेळ्याजवळच्या गावातल्या, भातशेती, दोन म्हशी, चौथीपर्यंत शिक्षण. दारात गाडी होती, ताडपत्रीखाली. मुलगा खोपोलीच्या कारखान्यात, त्याला कंपनीची बस न्यायला यायची. "त्याला टायम नाय," हौसाबाई म्हणाल्या. "माजी भैन खालापुराजवळ दिली हाय. ती आजारी असते. जीप बदल, यष्टी बदल, जाईपर्यंत दिस मावळतो. मला शिकवा. पण घरात कळता कामा नाय, सुनंला तर अजाबात नाय. ती हसंल मला." घरी त्यांनी सांगितलं होतं की कर्जतला गुडघा शेकायला जाते.

आणि थोड्या दिवसांनी कविता आली. तिशीतली, बोलायला चुणचुणीत, मुलीला कर्जतच्या शाळेत सोडता यावं म्हणून गाडी शिकायची होती. "पण मॅडम, सासूबाईंना कळू देऊ नका हं. म्हणतील, बाईमाणसानं गाडी कशाला?" तिनं घरी शिवणक्लास सांगितला होता.

दोघींचं आडनाव एक, आणि दोघी कशेळ्याकडच्याच. पण आमच्याकडे एकेका आडनावाची अर्धी अर्धी गावं आहेत, त्यामुळे मला काही वाटलं नाही. दोघींना मी शब्द दिला. गुपित राहावं म्हणून फळ्यावर नावं लिहायची नाहीत असं ठरवलं, आणि मोठ्या हुशारीनं दोघींच्या चौकोनात लिहिलं, "कशेळे".

एका आठवड्यात हौसाबाईंचा फोन आला, गुरुवारी सकाळी दहाला येऊ का? मी या म्हटलं आणि फळ्यावर लिहिलं. दुसऱ्या दिवशी कविताचा फोन आला, तिलाही गुरुवारी सकाळी दहाचीच वेळ हवी होती. मी फळ्याकडे बघितलं. गुरुवार, दहा, कशेळे. लिहिलेलं होतं! इतका आनंद झाला मला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट सांगायच्या आधीच लिहून ठेवली होती. ह्यांना हाक मारून दाखवलंसुद्धा. हे म्हणाले, "वा."

गुरुवारी हौसाबाई आधी आल्या. बाजारात कुणी ओळखू नये म्हणून त्या स्कूटरवरच्या मुलींसारखा तोंडाला स्कार्फ गुंडाळायच्या, फक्त डोळे दिसायचे. चपला काढून अनवाणी स्टेअरिंगवर बसल्या. आम्ही निघणार एवढ्यात रिक्षातून उतरून आणखी एक स्कार्फवाली धावत आली, मागचं दार उघडलं आणि आत बसली. डोळ्यांवरून मी कविताला ओळखलं. मला त्यातही काही वावगं वाटलं नाही. एक बाई चालवते आणि दुसरी मागे बसून बघते, असं आमच्याकडे नेहमीचंच. वेळ चुकली असेल, दोघींना अर्धा अर्धा तास देऊ, असं मनात म्हणून मी गाडी काढायला सांगितली.

हौसाबाईंनी दोनदा बंद पाडून तिसऱ्यांदा काढली. नदीवरच्या पुलावर आलो, तेव्हा मागून कविता म्हणाली, "मॅडम, आज जरा लवकर सोडाल का? आत्या गुडघा शेकून यायच्या आत मला घरी पोचलं पाहिजे. त्यांना कळलं ना, तर घर डोक्यावर घेतील."

कविता सासूला आत्या म्हणते.

हौसाबाईंचा पाय ब्रेकवर जायचा तो भलतीकडे गेला. गाडीनं उसळी घेतली, समोर केळ्यांची हातगाडी होती. मी माझा ब्रेक दाबला. बॉनेट हातगाडीच्या जवळ जाऊन थांबलं. केळेवाल्यानं एकदा आमच्याकडे बघितलं आणि सावकाश दोन पावलं बाजूला सरकला.

हौसाबाईंनी स्कार्फ सोडला, एकेक वेढा, सावकाश. मग मागे वळल्या.

"कवे, ह्यो शिवणाचा क्लास हाय व्हय गं?"

कवितानंही स्कार्फ खाली ओढला. "आत्या? आणि तुमचा गुडघा?"

"गुडघा हायेच की. क्लच त्यानंच दाबते."

मागे एक टेंपो येऊन थांबला, त्याच्यामागे एसटी. हॉर्न सुरू झाले. आणि आत त्या दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

"तुमी सांगितलंत हिला!"

"मॅडम, तुम्ही शब्द दिला होता. मुद्दाम एकत्र बोलावलंत ना?"

माझ्या जिभेवर नेहमीचं वाक्य तयार होतं. आमच्या ह्यांनी गोंधळ केला. या वाक्यावर मी पुष्कळ वर्षं धंदा केला आहे, आणि हे बिचारे बाजारात लोकांची बोलणी निमूटपणे ऐकून घेत आलेत. पण त्या दोघींचे चेहरे बघितले. दोघींना वाटत होतं की मी त्यांचा खेळ केला. तोंड उघडलं आणि खरं बाहेर आलं.

"मुद्दाम नाही. माझ्याच हातून झालं. मला एडीएचडी आहे."

"म्हंजे फीट येते?" हौसाबाईंनी विचारलं.

"नाही."

"चक्कर?"

"नाही हो. मन एका जागी राहत नाही. ठरवलेलं निसटतं, वेळा निसटतात, कुणाला काय सांगितलं ते निसटतं."

"माजं तरी कुटं ऱ्हातं? देवापाशी बसले तरी म्हशीपाशी असतं."

"तुमचं कधीतरी तसं होतं. माझं रोज होतं, सगळीकडे, कळायला लागल्यापासून. माणसं तुटलीत त्यापायी. म्हणून तो फळा लावला, आणि फळ्यावर तुम्ही दोघी एकच बाई झालात."

यावर कविता जे बोलली त्याचीच मला इतके दिवस भीती वाटत होती. "मग मॅडम, तुम्ही आम्हाला गाडी कशी शिकवता?"

बाहेर हॉर्न वाजत होते. मी म्हटलं, "आत्ता ब्रेक कुणी दाबला?"

दोघींनी वाकून माझ्या पायाकडे बघितलं.

"या सीटवर असले की माझं सगळं लक्ष इथे असतं. शिकणाऱ्याचा पाय, आरसा, समोरचं कुत्रं, मागचा टेंपो. धोका असला की माझं मन पळत नाही. गाडीतून उतरले की संपलं. गाडीत माझ्यावर विश्वास ठेवा. फोनवर ठेवू नका."

एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "ओ मॅडम, भांडण घरी जाऊन करा ना!"

"काडते, काडते!" हौसाबाई त्याच्यावर खेकसल्या, आणि त्यांनी गाडी अशी उचलली की धक्का नाही, थरथर नाही. रागात असलेल्या बाईचा हाफ क्लच सुरेख बसतो, हे मी तेव्हापासून पुष्कळदा बघितलं आहे. पुलापलीकडे गेल्यावर त्या म्हणाल्या, "कवे, आता तू बस हितं. बगू तुला किती येतंय ते." कविता पुढे आली, तिनं गाडी बंद पाडली, आणि हौसाबाई मागच्या सीटवर मनापासून खूश झाल्या.

मला वाटलं, निभावलं. पण हौसाबाई कशेळ्याला वडाप जीपनं जातात, आणि त्या जीपमध्ये सगळा डोंगरपट्टा बसलेला असतो. आठवड्याभरात माझं मन कुठे कुठे असतं हे सगळ्या वाड्यावस्त्यांना कळलं. दोन घरांनी आपल्या सुनांना काढून घेतलं. एकीच्या सासऱ्यांचा फोन आला, फार सभ्यपणे बोलले. मी त्यांना पुलावरचा ब्रेक सांगितला, डॉक्टर सांगितले, ते "हो हो" म्हणत राहिले. ती मुलगी मन लावून शिकायची. पुढे ती कुठे शिकली का, हे मला ठाऊक नाही. बाजारात दिसली तर ती खाली बघते, आणि मीही काही विचारत नाही. ते सलतं.

पण आता लपवायला काही उरलं नव्हतं, आणि त्यात फार सुख होतं. इस्त्रीची साडी कपाटात गेली, पंजाबी ड्रेस परत आला. फळा पुसला. कविता म्हणाली, "मॅडम, वेळांचं मी बघू का? मला आवडतं तसलं." लायसन्स मिळाल्यावर मुलीला शाळेत सोडून ती माझ्या ऑफिसात बसायला लागली. आता वेळा ती देते, फोन ती घेते, आणि मला सकाळी विचारते, "मॅडम, चावी, चष्मा, गोळी?" नव्या बाईला मी पहिल्याच दिवशी माझ्याबद्दल सांगून टाकते. काही निघून जातात. बऱ्याचजणी खुर्ची पुढे ओढून विचारतात, "म्हणजे नेमकं काय काय होतं हो?" आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलतो. त्यातल्या दोघी पनवेलच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या आहेत.

त्या दोघी अजून शिकत होत्या तेव्हा हौसाबाईंचा मुलगा, प्रशांत, तोही आला एकदा. दारात बुलेट लावून उभा. "माझ्या आईला आणि बायकोला कुणाला विचारून शिकवलंत?" मी म्हटलं, "बसा." तो बसला. पाणी प्यायला. मग खाली बघून म्हणाला, "आता त्या दोघी शिकणार, आणि मला..."

"तुम्हाला काय?"

"मला येत नाय."

गाडी घेतली तेव्हा एका मित्रानं ती दारात आणून लावली होती. मग रोज आज शिकू, उद्या शिकू. चार लोकांत शिकायची लाज, घरात सांगायची त्याहून लाज, म्हणून टाइम नाही, टाइम नाही. "तुम्ही शिकवाल का? पण आईला कळता कामा नाय."

मी खुर्चीतच हसायला लागले. "दादा, तुमच्या घरातली आणखी गुपितं ठेवायची माझ्यात ताकद नाही. घरी सांगून या, मग शिकवते."

त्यानं सांगितलं. हौसाबाई गोठ्यात धार काढत होत्या. कविता म्हणते, आत्या इतक्या हसल्या की म्हशीनं दूध चोरलं.

हौसाबाई पहिल्या टेस्टला नापास झाल्या. आरटीओच्या साहेबांनी गाडी रिव्हर्स घ्यायला सांगितली, तर त्या म्हणाल्या, "मागं कशाला जाऊ? माजी भैन पुडं राहते, खालापूरच्या बाजूला." दुसऱ्यांदा मुकाट्यानं रिव्हर्स घेतला आणि पास झाल्या. लायसन्स हातात आल्यावर त्यांनी ठरवलं, बहिणीकडे जायचं, स्वतःच्या गाडीनं. धीराला मीही पाहिजे असं म्हणाल्या. प्रशांत ड्युटीवर होता. स्टेअरिंगवर हौसाबाई, शेजारी कविता, मागे मी आणि कविताची झोपलेली मुलगी. ताडपत्री निघालेली ती गाडी कर्जत मागे टाकून खोपोलीकडे निघाली, आणि मला जन्मात पहिल्यांदा गाडीत नुसतं बसायला मिळालं. पायाखाली काही नव्हतं. तरी माझा पाय ब्रेक दाबत होता.

खोपोलीच्या शिळफाट्याला हौसाबाई म्हणाल्या, "बहिणीकडं रिकाम्या हातानं कसं जायचं?" मी म्हटलं, बसा तुम्ही, मी गरम वडे घेऊन येते. पर्स आणि मोबाईल सीटवर टाकून, हातात नोट घेऊन उतरले. इथे मी सांगते, माझं लक्ष कुठेही गेलं नव्हतं. मी फक्त रांगेत उभी होते. एवढ्यात हवालदारानं शिट्टी मारली, गाडी पुढे घ्यायला सांगितली. हौसाबाईंनी घाईत गाडी पुढे घेतली. समोर मोठा मोकळा रस्ता होता, गिअर छान पडला, आणि त्या निघून गेल्या.

मी वड्यांचा पुडा घेऊन वळले तर गाडी नव्हती.

पुढचं मला कविताकडून कळलं. बऱ्याच पुढे गेल्यावर माझा मोबाईल वाजला. ह्यांचा फोन होता. कवितानं मागे न बघताच हात मागे करून तो उचलला आणि म्हणाली, "मॅडम, घ्या, सरांचा आहे." कुणी घेईना. तेव्हा तिनं मागे बघितलं.

मी तिथेच उभी होते. वाट बघत तासभर नाक्यावर उभी राहिलेली बाई मी पहिल्यांदाच झाले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती गाडी परत येताना दिसली, इंडिकेटर उलट्या बाजूचा लावलेला. हौसाबाईंनी काच खाली केली. चेहरा पार उतरलेला.

"बाय गं, खोपोली सुटल्यापासून कायतरी राह्यलंय, राह्यलंय, असं वाटत व्हतं मला. पण काय ते ध्यानातच येईना!"

हे वाक्य मी आयुष्यभर लोकांना ऐकवत आले आहे, मान खाली घालून. त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी ते मला ऐकवलं. मी स्वतःला चाचपून बघितलं. राग आलेला नव्हता. नुसतं बरं वाटत होतं की त्या परत आल्या.

वडे गार झाले होते. मी आत बसले, पोरीची मान मांडीवर घेतली आणि म्हटलं, "हौसाबाई, इंडिकेटर डावीकडचा बंद करा आधी. मग चला."